कट्टी, बट्टी आणि विमान

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांना भाऊ आहे? हात वर करा बघू! आणि कालपासून आत्तापर्यंत त्याच्याशी एकदाही भांडण झालेलं नाही असे किती जण आहेत? आता मात्र एकही हात वर नसणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे!

दोन मुलगे असलेलं घर कसं असतं, ते त्या घरातल्यांनाच विचारावं. खिडकीजवळची जागा कुणाची? बॅटिंग आधी कुणाची? भाकरीवरचा लोण्याचा गोळा कुणाच्या ताटात मोठा पडला? रिमोट कुणाच्या हातात? धाकटा ओरडतो, "आई, दादा बघ ना गं!" दादा म्हणतो, "मी काही केलंच नाही!" मग आईचा आवाज चढतो, बाबांचे डोळे मोठे होतात आणि शेवटी दोघांपैकी एक जण करंगळी पुढे करून म्हणतो, "जा! कट्टी तुझ्याशी!"

आज तुम्हाला अशाच दोन भावांच्या घराची गोष्ट सांगायची आहे. हे दोघे लहानपणी भांडायचे, मोठेपणीही भांडायचे. इतकं, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं, आता हाणामारी होणार! पण गंमत अशी, की या भांडणांचा त्यांच्या कामाला उपयोगच झाला. ते काम म्हणजे विमान! थोरला विल्बर आणि धाकटा ऑर्विल. आडनाव राइट. विमानाची गोष्ट तुम्ही पुस्तकात वाचली असेल. आज आपण विमानात नाही, त्यांच्या घरात डोकावू या.

पंपाचं पाणी आणि दोन कपाटं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथल्या हॉथॉर्न स्ट्रीटवर ७ नंबरचं एक साधं लाकडी घर होतं. घरात नळ नव्हता. अंगणातल्या पंपानं पाणी उपसायचं आणि आत आणायचं. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात टब मांडून, पाणी तापवून अंघोळ. म्हणजे थाटमाट काही नव्हता, बरं का!

विल्बरचा जन्म १८६७ सालचा, ऑर्विलचा १८७१ चा. दोघांत सव्वाचार वर्षांचं अंतर. त्यांच्या आधीचे दोन भाऊ होते, रॉयक्लिन आणि लॉरिन. सर्वांत धाकटी बहीण कॅथरीन, जन्म १८७४ चा. आणि योगायोग बघा, ऑर्विल आणि कॅथरीन या दोघांचाही वाढदिवस १९ ऑगस्टलाच!

वडील मिल्टन राइट हे एका ख्रिस्ती पंथाचे बिशप होते. कामासाठी त्यांना महिनोन्‌महिने फिरतीवर राहावं लागे. बदल्याही होत. डेटन सोडून सीडर रॅपिड्स, तिथून रिचमंड, मग १८८४ साली पुन्हा डेटन. ज्यांचे बाबा बदलीच्या नोकरीत आहेत, त्यांना हे काय असतं ते सांगायला नको. नवी शाळा, नवे मित्र, आणि जुने मित्र मागे. अशा वेळी घरात जो भाऊ असतो ना, तोच पहिला मित्र होतो.

मिल्टन गावाला असले की घरी पत्रं लिहीत आणि मुलांनीही लिहावीत असा त्यांचा आग्रह असे. घरात पुस्तकं भरपूर होती. वडिलांच्या खोलीत धर्मावरची आणि खाली बैठकीच्या खोलीत बाकी सगळी. त्या बाकीच्यांत रॉबर्ट इंगरसॉल या लेखकाचीही पुस्तकं होती. हा इंगरसॉल कोण? तर धर्मावर जाहीर टीका करणारा माणूस! एका बिशपच्या घरात, त्याच्याच विरोधकाची पुस्तकं! आणि मुलांना ती वाचायला मनाई नव्हती. समोरच्याचं म्हणणं पटो न पटो, आधी समजून घ्यावं, हे त्या घरातल्या मुलांनी असं कपाटापाशीच शिकून घेतलं.

आईच्या हातात करवत

आता आईची ओळख करून घेऊ. सुसान राइट यांचे वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. लहानपणी त्यांच्या कारखान्यात वावरता वावरता सुसान हत्यारं चालवायला शिकल्या. शिवाय त्या कॉलेजातही गेल्या होत्या. त्या काळात मुलींच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळच होती. स्वभाव मात्र अतिशय लाजाळू.

घरात काही मोडलं, की मुलं बाबांकडे जात नसत. बाबांना खिळासुद्धा धड ठोकता येत नव्हता! मुलं जायची आईकडे. मुलांसाठी बर्फावरून घसरायची गाडी सुसान यांनी स्वतः बनवली होती. घरकामाला लागणाऱ्या छोट्यामोठ्या युक्त्याही त्या स्वतःच तयार करत. पुढे विमान बांधणाऱ्या हातांना हत्यारांची गोडी लागली ती आईमुळे. म्हणून दोस्तांनो, "हे बायकांचं काम, ते पुरुषांचं काम" असं कुणी म्हणालं, तर त्याला राइटांच्या आईची गोष्ट जरूर सांगा.

मिल्टन यांचाही एक विशेष होता. एखाद्या मुलाचं घरी काही करण्यात मन गुंतलं असेल, तर त्यानं अर्धा दिवस शाळा बुडवली तरी ते रागवत नसत. (हे वाक्य आपल्या बाईंना वाचून दाखवू नका हं!)

पन्नास सेंटचं खेळणं

१८७८ सालची गोष्ट. राइट कुटुंब तेव्हा सीडर रॅपिड्सला होतं. मिल्टन फिरतीवरून परत आले ते काहीतरी हातात लपवून. मुलं धावत आली आणि बाबांनी ती वस्तू त्यांच्याकडे न देता एकदम हवेत सोडली. वस्तू खाली पडायच्या ऐवजी फडफडत छतापर्यंत गेली!

बूच, बांबू, कागद आणि पिळलेलं रबर, एवढंच काय ते सामान. आल्फॉन्स पेनॉ नावाच्या फ्रेंच माणसानं शोधलेलं हे उडतं खेळणं होतं. किंमत सुमारे पन्नास सेंट. मुलांनी त्याचं नाव ठेवलं वटवाघूळ. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा, ऑर्विल सात वर्षांचा.

आता विचार करा, बाबांनी आणलं एकच खेळणं आणि मुलं दोन! तुमच्या घरी काय झालं असतं? या दोघांनी ते इतकं उडवलं, की लवकरच ते मोडलं. मग त्यांनी तसंच दुसरं बनवलं. ते उडालं. मग त्याहून मोठं बनवलं. ते नीट उडेना! आणखी मोठं केलं, तर मुळीच उडेना. का बरं? आकार दुप्पट केला की उडायला ताकद दुप्पट पुरत नाही, आठपट लागते. हे गणित त्यांना त्या वयात कुठलं ठाऊक असणार? पण प्रश्न मात्र दोघांच्या डोक्यात घर करून बसला.

घरातलं आजारपण

सगळे दिवस सारखे नसतात. १८८५-८६ च्या हिवाळ्यात विल्बर बर्फावर हॉकीसारखा खेळ खेळत होता. वय वर्षं अठरा. एका मुलाची काठी जोरात त्याच्या तोंडावर बसली आणि वरचे पुढचे दात गेले. जखम भरली, पण पुढे छातीत धडधड सुरू झाली. येल या प्रसिद्ध विद्यापीठात जायचं ठरत होतं, ते राहून गेलं. हुशार मुलगा घरी बसला.

त्याच काळात आईला क्षयानं गाठलं. त्या वेळी क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते पुढे १९४३ साली. आईची सेवा कोण करणार? विल्बरनं केली. सकाळी तो आईला उचलून जिन्यावरून खाली आणायचा आणि रात्री परत वर न्यायचा. हे सुमारे तीन वर्षं चाललं. उरलेल्या वेळात घरातली पुस्तकं वाचायचा. ४ जुलै १८८९ रोजी सुसान गेल्या. मुलांचं विमान त्यांना बघायला मिळालं नाही.

आईच्या मागे घर सांभाळायचं काम पडलं कॅथरीनवर. वय वर्षं फक्त चौदा! दोन मोठे भाऊ घरात असताना घराचा भार चौदा वर्षांच्या मुलीवर. तेव्हाची रीतच तशी होती. तुम्ही म्हणाल, हे काही बरोबर नाही. आम्हीही तेच म्हणतो! तरी कॅथरीन जिद्दीची. ती शिकली, १८९८ साली ओबर्लिन कॉलेजची पदवी घेतली आणि हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवू लागली.

१८९६ साली ऑर्विलला टायफॉइड झाला. अनेक दिवस तापात तो भानावर नव्हता. तेव्हा विल्बर आणि कॅथरीन आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसत. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीत ऑटो लिलिएंथाल हा माणूस ग्लायडरवरून, म्हणजे बिनइंजिनाच्या उडत्या यंत्रावरून, पडून मरण पावला. ती बातमी विल्बरनं वाचली आणि लहानपणीचा तो वटवाघळाचा प्रश्न पुन्हा जागा झाला. दोघा भावांनी उडण्याबद्दल मिळेल ते वाचायला सुरुवात केली.

भांडी कोण घासणार?

तोवर दोघे मिळून छापखाना चालवून झाले होते आणि १८९२ पासून सायकलचं दुकान होतं. १९०० साली दोघे आपलं पहिलं मोठं ग्लायडर घेऊन नॉर्थ कॅरोलिना राज्यात, समुद्रकाठच्या किटी हॉक गावी गेले. तिथे वारा भरपूर आणि पडलं तर खाली मऊ वाळू!

तंबूत राहायचं म्हणजे घरकाम आलंच. तिथे ना आई, ना बहीण. मग? ऑर्विल स्वयंपाक करायचा आणि विल्बर भांडी घासायचा. वाटणी ठरलेली, त्यामुळे कटकट नाही. आणि ग्लायडरच्या पंखांचं कापड कमीजास्त करायचं होतं, तेव्हा विल्बर गावातल्या एका बाईंच्या शिलाई मशीनवर बसला आणि स्वतः शिवण घातली. मुक्काम संपला तेव्हा ते ग्लायडर त्यांनी तिथेच सोडलं. त्या बाईंनी त्याचं सॅटिनसारखं झुळझुळीत कापड काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले!

पंख्यावरून पेटलेलं भांडण

आता येतं खरं भांडण. १९०२ च्या हिवाळ्यात दोघे इंजिनाचं विमान बनवायला बसले. विमानाला पुढे ढकलणारा पंखा कसा असावा? त्यांना वाटलं होतं, जहाजांच्या पंख्यांचं गणित कुठंतरी तयार मिळेल. पण तसं गणित मिळेना. सगळं स्वतःच शोधायचं होतं. आणि दोघांची मतं दोन!

सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा कारागीर काम करत असे. विमानाचं इंजिन त्यानंच सहा आठवड्यांत बनवलं. वरच्या मजल्यावरून दोघा भावांचा आरडाओरडा त्याला ऐकू यायचा. दोघे तासन्‌तास वाद घालायचे. आणि एके दिवशी सकाळी त्यानं एक नवल ऐकलं. ऑर्विल येऊन म्हणाला, मी रात्रभर विचार केला, विल्बरचंच बरोबर असावं. थोड्या वेळानं विल्बर आला आणि म्हणाला, मला वाटतं, ऑर्विलचंच बरोबर! झालं! दोघांचं भांडण पुन्हा सुरू, फक्त आता बाजू बदललेल्या!

पुढे ऑर्विलनंही लिहून ठेवलं, की पुष्कळ वाद घालून झाल्यावर दोघांनी एकमेकांची बाजू घेतलेली असे आणि प्रश्न होता तिथंच राहिलेला असे. किती गमतीची गोष्ट ना! पण नीट बघा. बाजू बदलायची, तर समोरचा काय म्हणतोय ते आधी कान देऊन ऐकावं लागतं. नुसतं ओरडणाऱ्याला ते जमणार नाही. भांडण पंख्यावर होतं. "तू मूर्ख आहेस", "तुला काही कळत नाही", "बाबा तुझेच लाड करतात" असल्या गोष्टींवर नव्हतं.

आणि त्या भांडणातून काय निघालं? साडेआठ फूट लांबीचे लाकडी पंखे. त्यांना लावलेल्या ताकदीपैकी सुमारे ७५ टक्के ताकद ते कामी लावत. त्या काळात, तेही सायकलच्या दुकानात बसून, हे साधणं म्हणजे कमालच!

छापा की काटा?

विमान तयार झालं. आता सर्वांत अवघड प्रश्न. आधी कोण उडणार? तुमच्या बॅटिंगसारखाच प्रश्न, फक्त जगातली पहिली बॅटिंग!

१४ डिसेंबर १९०३ रोजी दोघांनी नाणं उडवलं. विल्बर जिंकला. तो चढला, विमान उठलं आणि जेमतेम साडेतीन सेकंदांत वाळूत आपटलं. किरकोळ मोडतोड झाली. दुरुस्तीला दोन दिवस गेले. १७ डिसेंबरला पुन्हा तयारी झाली. विल्बर थोरला. "मागचं धरू नका, माझा डाव पुन्हा!" असं तो म्हणू शकला असता. पण त्याची पाळी होऊन गेली होती. आता पाळी ऑर्विलची.

चढण्यापूर्वी दोघांनी हात हातात घेतले. बघणाऱ्या एका माणसाला तर ते दोन मित्र कायमचा निरोप घेत असल्यासारखे वाटले. मग ऑर्विल उडाला. १२ सेकंद, १२० फूट. त्यानंतर विल्बर, मग ऑर्विल, मग पुन्हा विल्बर. शेवटच्या खेपेला विल्बर ५९ सेकंद हवेत होता आणि ८५२ फूट गेला. त्याच दिवशी बाबांना तार गेली. तारेत यशाची बातमी होती आणि नाताळला घरी येत असल्याचा निरोपही होता.

बाबांनी मुलांना एक अट घातली होती. दोघांनी एकाच विमानात कधी बसायचं नाही. अपघात झाला तर एक तरी मुलगा मागे उरावा आणि काम पुढे चालावं. दोघांनी ही अट पाळली. फक्त एकदा, २५ मे १९१० रोजी, बाबांच्या परवानगीनं दोघे सहा मिनिटं एकत्र उडाले. त्याच दिवशी ऑर्विलनं बाबांनाही वर नेलं. वय वर्षं ८१! बाबा घाबरले असतील म्हणता? छे! ते ऑर्विलला सांगत होते, अजून वर ने!

दोनच वर्षांनी, १९१२ च्या मे महिन्यात विल्बर टायफॉइडनं गेला. वय फक्त ४५.

आणि मग अबोला

गोष्ट इथंच थांबवली असती तर छान झालं असतं. पण एक भाग राहिला आहे आणि तो तुम्हाला सांगायलाच हवा.

१९०८ साली ऑर्विलच्या विमानाला मोठा अपघात झाला होता. त्याच्या सोबतचा माणूस दगावला, ऑर्विलची हाडं मोडली. तेव्हा कॅथरीन नोकरी सोडून धावत गेली आणि आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी राहिली. १९१७ साली बाबा गेल्यावर घरात हे दोघेच भाऊबहीण उरले. १९२६ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, कॅथरीननं लग्न करायचं ठरवलं. ऑर्विलला हे सहन झालं नाही. आपल्याला एकटं टाकून ती निघाली, असं त्याला वाटलं.

तो भांडला असता तरी चाललं असतं! विल्बरशी भांडायचा तसं मोठ्यानं भांडला असता, तिचं ऐकून घेतलं असतं, तर कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला असता, तुझंच बरोबर. पण यावेळी त्यानं बोलणंच बंद केलं. लग्नाला गेला नाही. पत्रांना उत्तर दिलं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. १९२९ साली कॅथरीनला न्यूमोनिया झाला. भाऊ लॉरिननं समजूत घातली, तेव्हा कुठं ऑर्विल तिच्याकडे गेला. तोवर तिची अखेर जवळ आली होती. ३ मार्चला ती गेली.

एकाच माणसाच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी आहेत. भावाशी भांडून त्यानं विमान उडवलं. बहिणीशी न बोलून त्यानं तिची शेवटची अडीच वर्षं घालवली. तेव्हा दोस्तांनो, भांडणाला फार घाबरू नका. घाबरायचं असेल तर अबोल्याला घाबरा.

करून पाहा

येत्या रविवारी एक खेळ खेळा. भाऊ असो की बहीण, नेहमीचं एखादं भांडण निवडा. दहा मिनिटं आपली बाजू मांडा. मग बाजू बदला! दादानं धाकट्याची बाजू मांडायची आणि धाकट्यानं दादाची. अगदी मनापासून हं, वाकुल्या दाखवत नाही. आईबाबांना पंच करा. बघा, आधी हसू येईल आणि मग एखादी गोष्ट अशी सापडेल, जी तुम्ही आजवर ऐकलीच नव्हती.

दुसरं, ज्याच्यावरून रोज वाद होतो त्याची पाळी ठरवून टाका. खिडकी, बॅटिंग, रिमोट आणि हो, भांडी घासणंसुद्धा! कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

आणि करंगळी पुढे झालीच, कट्टी झालीच, तर झोपायच्या आत बट्टी करून टाका. आधी कुणी बोलायचं, हा प्रश्न पडला तर नाणं उडवा. जो जिंकेल, त्यानं आधी बोलायचं!